पार्षद की नगरसेवक, सभापती की अध्यक्ष? मंडळाच्या निवडणुकीने डोकं फिरवलंय, मदत करा

नंदलालपुऱ्याचा_नातू (इंदूर)

मंडळी नमस्कार. प्रश्न थोडा बावळट वाटेल पण मी खरंच अडकलोय. आमच्या एका जुन्या मराठी मंडळाची निवडणूक आहे पुढच्या महिन्यात, अन् मी सगळ्यात लहान आणि कम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं म्हणून नोटीस बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळाची घटना आजोबांच्या काळातली, टाइपरायटरवर काढलेली, त्यात पदं बघा: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, कोषाध्यक्ष, हिशेब तपासनीस, वरून विश्वस्त, पदसिद्ध सदस्य आणि स्वीकृत सदस्य. आणि रजिस्ट्रारकडे जी लिस्ट द्यायची ती हिंदीत, तिथे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, सदस्य, बस. आता माझी दहा पदं त्या सहा खान्यांत कशी कोंबू? आणि अध्यक्ष अन् कार्याध्यक्ष म्हणजे एका मंडळाला दोन अध्यक्ष का?

दुसरी गोष्ट, रविवारी पुण्याहून आत्या आली होती. मी पोहे खाता खाता सहज म्हणालो की आमचा पार्षद कामाचा माणूस आहे, निगम सभापतीकडे पण त्याची वट आहे. आत्या म्हणे पार्षद काय रे, नगरसेवक म्हण. बरं म्हटलं. मग म्हणे सभापती कशाचा, स्थायी समितीचा का? मी म्हटलं नाही गं, अख्ख्या निगमचा. म्हणे निगमचा तर महापौर असतो! अर्धा तास वाद झाला, पोहे थंड, शेवटी आई म्हणाली दोघं गप्प बसा. पण मला कळेना की चुकलं कोण. जाणकारांनी सांगा.

माहेर_सदाशिव_पेठ (इंदूर)

आत्याची बाजू मी घेते, कारण मीही त्यातूनच गेलेय! लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा पहिल्या निवडणुकीत घरात सगळे बोलायचे विधायक, सांसद, पार्षद, प्रत्याशी, आणि मी मनातल्या मनात आमदार, खासदार, नगरसेवक, उमेदवार असं भाषांतर करत बसायचे. पोटनिवडणुकीला उपचुनाव, मतमोजणीला मतगणना, बिनविरोधला निर्विरोध, हे सगळं सोपं आहे, दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. पालकमंत्र्याला इथे प्रभारी मंत्री म्हणतात हे कळायला मात्र बराच वेळ लागला, मला वाटायचं कोणाचा तरी चार्ज तात्पुरता सांभाळतायत बिचारे.

खरी गंमत शब्द तोच आणि अर्थ वेगळा असतो तिथे आहे. सासरे म्हणाले देपालपूरला नगर परिषद आहे, मी म्हटलं अरे वा, चांगलं मोठं गाव दिसतंय. महाराष्ट्रात नगरपरिषद म्हणजे बारामतीसारखं शहर. इथे नगर परिषद म्हणजे सगळ्यात लहान पायरी, पूर्वी तिलाच नगर पंचायत म्हणायचे. म्हणजे आपली नगर पंचायत ती यांची नगर परिषद, आपली नगरपरिषद ती यांची नगर पालिका, आणि आपली महानगरपालिका ती यांची नगर निगम. एकेक पायरी सरकलेली.

सभापतीचं मात्र मला अजून नीट कळलेलं नाही, कोणी सांगेल तर मलाही हवंय.

फाइलवाले_काका (इंदूर)

मी ३१ वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच निवडणुकीच्या कागदांत गेली, म्हणून लिहितो. नातवा, तू पण बरोबर अन् तुझी आत्या पण बरोबर. पदाच्या नावावरून काही कळत नाही बाळा, त्या माणसाला मत कोण देतं ते विचारायचं. तेवढं विचारलं की बाकी सगळं आपोआप लागतं.

इंदूरला २०२२ ला तू मत द्यायला गेला असशील तर आठव, दोन मतं होती. एक महापौराचं, एक आपल्या वॉर्डाच्या पार्षदाचं. इंदूरचे ८५ वॉर्ड, ८५ पार्षद, आणि महापौर त्या ८५ च्या बाहेरचा, सगळ्या शहराने सरळ निवडलेला. ही पद्धत मध्यप्रदेशात १९९९-२००० च्या निवडणुकीपासून आली, मधे २०१९ ला सरकारने बदलून पार्षदांनी महापौर निवडायचा असं केलं होतं पण त्या नियमाने निवडणूक व्हायच्या आधीच परत जुन्यावर आले. आता महापौर पार्षदांनी निवडलेलाच नाही, मग पार्षदांची सभा चालवायला त्यांच्यातलाच कोणीतरी हवा की नको? तो सभापती. पार्षद आपल्यातून निवडतात. विधानसभेत जसा मुख्यमंत्री वेगळा आणि सभागृह चालवणारा अध्यक्ष वेगळा, तसंच समज. आणि महापौराचं जे मंत्रिमंडळ असतं ते एमआयसी, म्हणजे मेयर इन काउंसिल, त्यात महापौर आपल्या पसंतीचे पार्षद घेतो. एमआयसी सदस्य म्हणून जे लोक पाटी लावून फिरतात ना, ते पार्षद म्हणून निवडून आलेले असतात पण एमआयसीत नेमलेले असतात.

पुण्यात काय आहे, जनता फक्त नगरसेवक निवडते, तेही चार-चारच्या प्रभागातून, आणि नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. मग तोच महापौर सभा चालवतो. वेगळ्या सभापतीची गरजच नाही. पैशाच्या नाड्या असतात स्थायी समितीकडे आणि तिच्या अध्यक्षाला तिथे रूढीने सभापती म्हणतात. म्हणून आत्याने सभापती ऐकला की तिच्या डोक्यात स्थायी समिती आली. खेड्यात गेलास तर तिथे पंचायत समितीचा पण सभापती, आणि पंचायत समिती म्हणजे आपली जनपद पंचायत, पण आपण जनपद अध्यक्ष म्हणतो. झाली ना खिचडी.

आता मजा बघ, नगर पालिका आणि नगर परिषदेत २०२२ ला उलट होतं. निगममधे महापौर थेट, पण लहान गावात अध्यक्ष पार्षदांनी निवडले. एकाच प्रदेशात, एकाच महिन्यात, दोन तऱ्हा. बेटम्याचा माणूस म्हणे मी अध्यक्षाला मत दिलं नाही मग तो माझा अध्यक्ष कसा, त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले.

आणखी एक आपल्याकडची खास चीज सांगतो, खाली कुर्सी भरी कुर्सी. थेट निवडलेला अध्यक्ष नको झाला तर तीन चतुर्थांश पार्षदांनी सही करून अर्ज द्यायचा आणि मग परत जनतेचं मतदान, चिन्हं दोनच, रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची. रिकामीला जास्त मतं पडली की साहेब घरी. हे बाहेरच्या नातेवाइकांना सांगितलं की त्यांना वाटतं मी गप्पा हाणतोय.

पार्षदांत अजून एक जात असते, एल्डरमॅन. हे निवडून येत नाहीत, सरकार नेमतं, सभेत बसतात बोलतात पण मत देऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात ह्यांच्यासारखेच स्वीकृत नगरसेवक असतात, फक्त त्यांना सरकार नाही, महापालिकाच नेमते. तुझ्या घटनेतला स्वीकृत सदस्य शब्द तिथूनच समज.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

काकांच्या मुद्द्याला आमचं ग्वाल्हेर जिवंत उदाहरण आहे. २०२२ ला महापौर काँग्रेसच्या निवडून आल्या आणि पार्षद मात्र बीजेपीचे जास्त, मग सभापती बीजेपीचा झाला. पुण्यात असं होऊच शकत नाही ना, तिथे ज्याचे नगरसेवक जास्त त्याचाच महापौर. इथे महापौर एका पक्षाची अन् सभा चालवणारा दुसऱ्या पक्षाचा, त्यामुळे ग्वाल्हेरमधे लहान पोराला पण ठाऊक आहे सभापती कोण अन् महापौर कोण 😄

आणि एक पद तुम्ही विसरलात, पार्षद पती! आपल्याकडे अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव, मत बाईला, फोन उचलणार मिस्टर. सरपंच पती पण तसेच. हे पद कुठल्या कायद्यात आहे काका?

फाइलवाले_काका (इंदूर)

ताई कुठल्याच कायद्यात नाही, पण लेटरहेड मी पाहिलंय.

मांडवीकर (बडोदा)

उशिरा आलो पण बडोद्याचं सांगतो कारण आमचं ह्यात तिसरंच आहे. आमची महानगरपालिका, म्हणजे कागदावर महानगर सेवा सदन, १९ वॉर्ड आणि प्रत्येकी चार म्हणजे ७६ जण. लोक कॉर्पोरेटर म्हणतात, पेपरात नगरसेवक पण लिहितात. मेयर त्यांच्यातूनच, अडीच वर्षं, आणि स्थायी समितीचा चेअरमन भारी असतो. म्हणजे जवळपास पुण्यासारखंच. कारण सोपं आहे, १९६० पर्यंत आपण सगळे मुंबई राज्यात होतो आणि महापालिकांचा १९४९ चा मुंबई प्रांतिक कायदा दोन्ही राज्यांनी पुढे चालू ठेवला, नावं नंतर बदलली. इंदूर-ग्वाल्हेरचा कायदा १९५६ चा, वेगळ्या घराण्यातला. त्यामुळे बडोद्याचा मराठी माणूस पुण्याच्या म्युनिसिपालिटीच्या बातम्या वाचून गोंधळत नाही, इंदूरचा गोंधळतो.

पण मंडळाच्या बाबतीत आमचे वांधे जास्त! गुजरातीत संस्थेच्या अध्यक्षाला प्रमुख म्हणतात आणि सेक्रेटरीला मंत्री. माझे वडील आमच्या गल्लीतल्या मंडळाचे मंत्री होते सात वर्षं, मुंबईच्या काकांना फोनवर सांगितलं की बाबा मंत्री झाले, त्यांना वाटलं गांधीनगरला बोलावणं आलं 😂 सहमंत्री, खजानची, अशी सगळी मंडळी. अमेरिकेच्या प्रेसिडेंटला पण गुजराती पेपर प्रमुखच म्हणतात. म्हणजे आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीची चावी ज्यांच्याकडे आहे ते आणि व्हाइट हाउसमधे बसलेत ते, पद एकच.

हिंदीत हेच महामंत्रीचं होतं बघा. पक्षाचा महामंत्री म्हणजे आपला सरचिटणीस, त्याचा मंत्रिमंडळाशी काही संबंध नाही.

आणि बडोदेकर म्हणून एक मिरवून घेतो, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर जन्माने बडोद्याचे, १८८८ चा जन्म. पुढे अहमदाबादला वकिली केली ती गोष्ट वेगळी.

नंदलालपुऱ्याचा_नातू (इंदूर)

वा मांडवीकर, मग आम्ही पण मिरवतो, आमच्या सुमित्राताई! इंदूरमधून आठ वेळा खासदार आणि २०१४ ते २०१९ लोकसभा अध्यक्ष. पहिले अध्यक्ष बडोद्याचे मराठी, अन् नंतर इंदूरच्या ताई, पुण्याचं कोण? (आत्या वाचत नसेल अशी आशा.)

पण ह्यातूनच एक शंका आली, लोकसभेला अध्यक्ष अन् राज्यसभेला सभापती असं का? दोघं तर सभाच चालवतात. काकांनी सांगितलं ते आत्याला फोन करून ऐकवलं, ती म्हणे ठीक आहे तुमच्याकडे असेल तसं, पण नगरसेवक शब्दच चांगला, त्यात सेवक आहे. मी म्हटलं पार्षद म्हणजे परिषदेत बसणारा, तो निदान खोटं तरी बोलत नाही. फोन ठेवला तिने.

आणि मंडळाच्या पदांबद्दल कोणीच बोललं नाही अजून, नोटीस गुरुवारी लावायची आहे हो!

शब्दखोर (इंदूर)

अध्यक्ष आणि सभापतीचं सांगतो. इंग्रजीतले स्पीकर आणि चेअरमन हे दोन शब्द वेगळे, त्यांना आपण वेगळे प्रतिशब्द दिले. लोकसभा आणि विधानसभा, म्हणजे जिथे जनता थेट निवडते ती खालची सभागृहं, तिथे स्पीकर म्हणून अध्यक्ष. राज्यसभा आणि विधान परिषद, वरची सभागृहं, तिथे चेअरमन म्हणून सभापती. मुंबईत विधानसभेत आमदार अध्यक्ष महोदय म्हणून सुरुवात करतात आणि परिषदेत सभापती महोदय, चुकलं की मागून कोणीतरी टोकतंच. मध्यप्रदेशात विधान परिषद नाहीच, २३० जणांची विधानसभा तेवढी, म्हणून भोपाळात सभापती हा शब्द तसा ऐकू येत नाही आणि तो निगमच्या वाट्याला आला.

अजून एक फरक. लोकसभा अध्यक्ष खासदार आपल्यातून निवडतात. राज्यसभेचा सभापती त्यासाठी वेगळा निवडलाच जात नाही, जो उपराष्ट्रपती असेल तो आपोआप सभापती. ह्याला म्हणतात पदसिद्ध. नातवा, तुझ्या घटनेतला पदसिद्ध सदस्य म्हणजे हेच, त्याला कोणी मत देत नाही, तो दुसऱ्या कुठल्या तरी पदावर आहे म्हणून इथे आपोआप येतो. मावळता अध्यक्ष पदसिद्ध सदस्य राहतो असं बऱ्याच मंडळांत असतं.

आमदार शब्दाचंही ऐका, लोकांना वाटतं आमदार म्हणजे जनतेने निवडलेला. शब्दात आम आहेच, सर्वसामान्य, आणि खासदारात खास. पण महाराष्ट्रात विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदारच म्हणतात, त्यांना तुम्ही-आम्ही मत देत नाही, काही शिक्षक-पदवीधरांतून येतात, काही आमदारांनीच निवडलेले, काही राज्यपालांनी नेमलेले. आपल्याकडच्या विधायकाला हा घोळ नाही, विधायक म्हटलं की मतपेटीतूनच आलेला, निदान मध्यप्रदेशात तरी.

राष्ट्रपती तर आणखी गमतीचा शब्द. स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणायचे, सुभाषबाबूंना तसं म्हटलेलं जुन्या पेपरात सापडतं. म्हणजे एका संस्थेच्या पदाचं नाव पुढे देशाच्या पदाला गेलं. आपण भारताचे राष्ट्रपती म्हणतो आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, हिंदीवाले दोघांनाही राष्ट्रपती म्हणतात. २००७ ला प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा घराघरात चर्चा, बाई असेल तर पती कसं म्हणायचं. अहो पती म्हणजे इथे स्वामी, पालक, सभापती सेनापतीतला. तो नवरा नव्हे. लष्करवालीताईंचा पार्षद पती मात्र नवराच.

राष्ट्रपतीला मतं कोण देतं, तर निवडून आलेले खासदार आणि निवडून आलेले आमदार. नेमलेले नाहीत, विधान परिषदेचे नाहीत. आणि आमदाराच्या मताची किंमत राज्यागणिक वेगळी, १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेली, आपल्या विधायकाचं मत १३१, गुजरातचं १४७, महाराष्ट्राचं १७५. आत्याला हे सांगू नकोस.

मांडवीकर (बडोदा)

१४७, ऐका इंदूरकर 😎

शाळामास्तर_पलासिया (इंदूर)

माझ्याकडून एक भर. निवडणुकीच्या ड्युटीत मला दरवेळी पीठासीन अधिकारी करतात. मुंबईच्या मेहुण्याला सांगितलं, तो म्हणाला अरे वा, विधानसभेत का? कारण मराठीत पीठासीन अधिकारी म्हटलं की सभागृहाचे अध्यक्ष-सभापती डोळ्यांपुढे येतात, आणि मतदान केंद्रावर रात्रभर मच्छर मारत मशीन सांभाळणाऱ्या मास्तराला म्हणतात केंद्राध्यक्ष. तेव्हापासून घरात मला केंद्राध्यक्षच म्हणतात.

पदाधिकारी आणि अधिकारी हाही फरक पोरांना शिकवायला हवा खरं तर. पदाधिकारी निवडून येतो अन् जातो, अधिकारी नेमलेला असतो, त्याची बदली होते. निगममधे महापौर पदाधिकारी, आयुक्त अधिकारी. सगळ्यात घोळ सचिव शब्दाचा, मंडळाचा सचिव निवडून येतो, पंचायतीचा सचिव म्हणजे नोकरदार, महाराष्ट्रात २०२४ पर्यंत ज्याला ग्रामसेवक म्हणायचे तो, आणि भोपाळला वल्लभ भवनात बसतात ते सचिव आयएएस. गावातला माणूस म्हणतो सचिवाकडे काम आहे, तर तीनातला कोणता ते त्याच्या चपलेवरून ओळखावं लागतं.

दप्तरवाली_मावशी (इंदूर)

बाकीच्यांनी दिल्ली-भोपाळ सगळं फिरवून आणलं, आता पोराचं काम करा की. मी अशाच एका मंडळाची दोन वेळा कार्यवाह होते म्हणून सांगते, नीट लिहून घे.

कार्यवाह म्हणजे सचिव. चिटणीस पण तेच, जुना शब्द, चिठ्ठ्या लिहिणारा. सहकार्यवाह म्हणजे सहसचिव. कुठे सरकार्यवाह असेल तर मुख्य सचिव म्हणू नकोस बाबा, महासचिव लिही. तो सर म्हणजे फारसीतलं डोकं, सरपंच, सरन्यायाधीश, सरचिटणीस सगळीकडे तोच.

आता अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष. आपल्या जुन्या मंडळांत अध्यक्ष म्हणजे बहुतेक एखादे मोठे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, गणपतीला अन् दिवाळी पहाटेला येऊन दोन शब्द बोलणारे. रोजचा कारभार, महिन्याची बैठक, भांडणं, हे सगळं कार्याध्यक्षाच्या डोक्यावर. साहित्य संमेलनात बघ, संमेलनाध्यक्ष वेगळे, स्वागताध्यक्ष वेगळे, कार्याध्यक्ष वेगळे, आणि खुर्च्या मोजणारा कार्याध्यक्षच असतो. २००१ ला इंदूरला संमेलन झालं तेव्हा विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, आमचे हे म्हणायचे आडनावातच अध्यक्ष आहे, निवडणूक कशाला घेतली! तेव्हा ती निवडणूक खरोखर मतपत्रिकांनी व्हायची, बडोद्याच्या २०१८ च्या संमेलनापर्यंत झाली, नंतर महामंडळाने मतदान बंद करून एकमताने निवड करायला सुरुवात केली. तर निवडणूक आणि निवड हा फरक तुझ्या नोटिशीत पण सांभाळ. जिथे मतदान आहे तिथे निवडणूक लिही, जिथे कार्यकारिणी ठरवणार तिथे निवड, आणि जिथे अध्यक्ष नाव सांगणार तिथे नेमणूक. स्वीकृत सदस्यांची निवडणूक असं लिहिलंस तर पहिल्या सभेत कोणीतरी आजोबा उभे राहतील, मी सांगून ठेवते.

हिंदी लिस्टचं असं कर. रजिस्ट्रारला बघायचं असतं की कारभाराला जबाबदार कोण, म्हणजे प्रबंधकारिणी कोण. आपला कायदा मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३, त्याच्या धारा २७ ची माहिती म्हणून दरवर्षी ही यादी जाते, तू बाबूला धारा सत्तावीस एवढंच म्हण, त्याला कळतं. आधी मागच्या वर्षी दिलेली यादी दप्तरातून काढ आणि तेव्हा कार्याध्यक्षाला कुठे लिहिलं होतं ते बघ, तसंच लिही. आमच्याकडे कार्याध्यक्षाला कार्यकारी अध्यक्ष असं लिहायचे आणि अध्यक्षाच्या खालच्या ओळीत घालायचे. दरवर्षी नवीन नाव दिलंस तर तिकडे वाटेल पदच नवीन निर्माण झालं, मग घटनादुरुस्तीचा ठराव दाखवा म्हणतील. माझ्या पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून कार्यवाहाचं कार्यपालक लिहिलं होतं, तीन चकरा पडल्या.

हिशेब तपासनीस प्रबंधकारिणीत घालू नकोस, तो तुमचाच हिशेब तपासणार ना, तो तुमच्यातला कसा. विश्वस्तांचंही घटनेत बघ, ते वास्तूचे मालमत्तेचे राखणदार असतात, कार्यकारिणीत मत आहे का नाही ते कलमात लिहिलेलं असतं. पुण्याची आत्या धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट वगैरे सांगेल, ते तिकडचं, इथे त्याच्या मागे लागू नकोस.

नोटिशीत एवढं ये: वार्षिक सर्वसाधारण सभा, तारीख वेळ, कोणत्या पदांसाठी, उमेदवारी अर्जाची मुदत, सूचक आणि अनुमोदक दोघंही वर्गणी भरलेले सदस्य हवेत, माघार घ्यायची शेवटची वेळ, निवडणूक अधिकाऱ्याचं नाव. आणि खाली ती जुनी ओळ विसरू नकोस, गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरेल. घटनेत असेल तरच, पण असतेच. ती ओळ नसेल तर पाऊस पडला की सभा गेली.

मांडवीकर (बडोदा)

मावशी, बडोद्यात पण चॅरिटी कमिशनरच, आमचं ते पण मुंबई राज्याचं माप. बाकी तहकुबीची ओळ अगदी खरी, आमच्या मंडळाची शेवटची वेळेवर भरलेली सभा कोणालाच आठवत नाही, सगळ्या तहकूब होऊनच भरतात, चहा त्या अर्ध्या तासात होतो.

माहेर_सदाशिव_पेठ (इंदूर)

मावशी किती छान लिहिलंत, मी जपून ठेवलंय. एक विचारू का, बाई असेल तर कार्यवाह की कार्यवाहिका? अध्यक्ष की अध्यक्षा? नगरसेविका म्हणतो आपण, पण महापौरला काही म्हणत नाही.

दप्तरवाली_मावशी (इंदूर)

मी कार्यवाहच लिहायचे. पदाला काय बाई-पुरुष. अध्यक्षा लिहितात पुष्कळ जण, कानाला बरं लागतं, पण इतिवृत्तात मी अध्यक्षच ठेवलं.

शब्दखोर (इंदूर)

महापौर हा सावरकरांनी घडवलेल्या शब्दांत मोजतात, मेयरसाठी. हिंदीने तो जसाच्या तसा उचलला, त्यामुळे इंदूर आणि पुण्यात निदान एका पदावर तरी वाद नाही.

फाइलवाले_काका (इंदूर)

वाद नाही कसा, ह्या धाग्याची सुरुवातच तिथून झाली ना भिया.

नंदलालपुऱ्याचा_नातू (इंदूर)

मंडळी खूप खूप आभार, विशेष करून मावशी. दप्तर शोधलं, मागच्या यादीत खरंच कार्याध्यक्षांना कार्यकारी अध्यक्ष लिहिलेलं सापडलं, तसंच ठेवलं. सूचक-अनुमोदक, तहकुबी, सगळं घातलं, स्वीकृतपुढे निवड लिहिलं, निवडणूक नाही. आजोबांना वाचून दाखवली, त्यांनी फक्त एक शुद्धलेखनाची चूक काढली, म्हणजे पास समजायचं.

एकच घोळ झाला. नोटीस बोर्डावर पदांची नावं रंगवायला पेंटर बोलावला होता, तो हिंदीभाषी, मी कागदावर लिहून दिलं होतं सगळं, पण त्याला वाटलं माझ्याकडून मात्रा राहिली, त्याने आपल्या मनाने सुधारून कार्यवाहच्या जागी कार्यवाही अन् सहकार्यवाहच्या जागी सहकार्यवाही करून टाकलं, तेही पिवळ्या ऑइल पेंटने. आजोबा संध्याकाळी काठी टेकत बोर्डापुढे उभे राहिले अन् म्हणाले बरोबर आहे, आपल्या मंडळात तीस वर्षं कार्यवाहीच चालू आहे.

आता ते दोन वेलांट्या काढायला टर्पेंटाइन लागेल का थिनर? कोणाला माहीत असेल तर सांगा, गुरुवार उद्याच आहे.

मांडवीकर (बडोदा)

थिनर. पण आधी कोपऱ्यात लावून बघ, खालचा काळा निघाला तर अध्यक्षपण जातील.